विहिरीतला अमीबा आणि नकाशातली मोकळी जागा

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा. पण घरात विहिरीत पोहणारी पोरं असतील किंवा घरातलं कुणी शेतात राबत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. आता ती दोन मुलांची आई आहे. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून तिने मोबाईल काढला आणि एक फॉरवर्ड दाखवला. ‘मेंदू खाणारा अमीबा! पाण्यात उतराल तर मराल!’ असलं काहीतरी. खाली कवटीचं चित्र. म्हणे, “सर, तुम्ही तर आम्हाला शाळेत अमीबा दाखवला होता. तेव्हा म्हणाले होते गरीब प्राणी आहे. आता पोरांना सुट्टी लागली, मळ्यातल्या विहिरीत पोहायचा हट्ट धरून बसलेत. पाठवू का नको?”

मी तिला तिथेच ‘पाठव’ किंवा ‘नको पाठवू’ म्हणू शकलो असतो. पण म्हटलं, दोन दिवस दे. नीट सांगतो. ते दोन दिवस जुने कागद, पुस्तकं आणि शोधनिबंध चाळण्यात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. तिचं उत्तर शेवटी आहे.

आधी अमीबा म्हणजे काय ते बघू.

नशिराबादला आणि आजूबाजूच्या शाळांत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. पुस्तकातलं अमीबाचं चित्र सगळ्यांनी काढलंय. वेडावाकडा आकार, मधे ठिपका, त्याला नाव ‘केंद्रक’. चित्रावर माझं समाधान व्हायचं नाही. मग शाळेच्या टाकीच्या तळाचा गाळ, नाहीतर पावसाळ्यात डबक्यातलं कुजकं पान आणायचं, बाटलीत चार दिवस ठेवायचं आणि थेंब काचपट्टीवर घ्यायचा. दरवेळी दिसायचाच असं नाही. पण दिसला की वर्गात गलका. “सर, चालतोय भो!” त्याचं ते हळूहळू सरकणं बघून पोरं गप्प व्हायची.

आपल्या लोकांना अमीबा माहीत आहे तो पोटातला. आव पडली की डॉक्टर म्हणतात अमीबा झालाय. तो वेगळा. तो माणसाच्या आतड्यात राहतो, दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. आज ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना कुणाच्या पोटाची गरज नाही. ते माती, चिखल, विहीर, तलाव, नळ, टाकी, धूळ अशा सगळीकडे आपलेआपले राहतात. बॅक्टेरिया खातात. म्हणून त्यांना मोकळे राहणारे, स्वतंत्र जगणारे अमीबा म्हणायचं. शेतातल्या चिमूटभर मातीतसुद्धा ते शेकड्याने असू शकतात. आणि ते मातीचं भलंच करतात. बॅक्टेरिया खाल्ले की त्यांच्यातलं नत्र मातीत मोकळं होतं, ते पिकाला मिळतं. म्हणजे केळीच्या बुडाशी हे बिनपगारी सालदारच आहेत.

मग यांच्या नावाने एवढी बोंब का? कारण हजारोंच्या या गोतावळ्यात तीन-चार मंडळी अशी आहेत की ती चुकून माणसाच्या शरीरात शिरली तर घात करतात. नावं अवघड आहेत, पण एकदा वाचून घ्या. नेग्लेरिया फौलेरी, अकँथामीबा आणि बालामुथिया. चौथं सॅपिनिया, ते फारच दुर्मिळ.

यांना माणसाने ओळखलं कसं, ती गोष्ट फार जुनी नाही.

१९३० मध्ये लंडनमध्ये अल्डो कॅस्टेलानी हे शास्त्रज्ञ यीस्टची वाढ करत होते. बशीत एक अमीबा घुसला आणि यीस्ट खात सुटला. त्यांनी त्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी अकँथामीबा हे नाव आलं. पुढची पंचवीसेक वर्षं कुणी त्याला धोकादायक मानलं नाही. प्रयोगशाळेतला आगंतुक पाहुणा, एवढीच ओळख.

१९५८ मध्ये अमेरिकेत क्लाईड कल्बर्टसन पोलिओच्या लसीची सुरक्षितता तपासत होते. त्यासाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवलेल्या असत. त्या पेशींत त्यांना अमीबा सापडले. ते टोचल्यावर उंदीर आणि माकडं मेली, आणि मेंदूत अमीबा निघाले. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की हा बाहेरचा मोकळा जीव मेंदूपर्यंत पोचू शकतो. माणसातही असं होत असेल का?

उत्तर आलं १९६५ मध्ये, ऑस्ट्रेलियातून. ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयातले माल्कम फौलर आणि रॉडनी कार्टर यांनी चार मृत्यूंची हकीकत छापली. ताप, डोकेदुखी, मान आखडणं, आणि काही दिवसांत खेळ खलास. मेंदूज्वरासारखंच सगळं, पण बॅक्टेरिया सापडेना. मेंदूत अमीबा निघाले. १९७० मध्ये कार्टर यांनी या अमीबाला आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून ‘फौलेरी’ नाव दिलं.

आता ही पुढची गोष्ट खान्देशी माणसाने नीट वाचावी. दक्षिण ऑस्ट्रेलियातला तो भाग रखरखीत, उष्ण आणि पाण्याचा दुष्काळी. तिथल्या गावांना मरे नदीचं पाणी शेकडो किलोमीटर लांबून पाईपने यायचं आणि ते पाईप बऱ्याच ठिकाणी जमिनीवरून उघडे गेलेले. उन्हाने पाईप तापायचे, पाणी कोमट व्हायचं, टाकलेलं क्लोरीन वाटेतच उडून जायचं. नेग्लेरियाला हेच हवं असतं. बाकीचे बरेच जीव मरतात तिथे हा ४५ अंशापर्यंतच्या पाण्यात मजेत वाढतो. पुढे त्या लोकांनी पाईपलाईनवर जागोजागी क्लोरीन सोडायची सोय केली, पाण्यात जास्त टिकणारं क्लोरामाईन वापरायला सुरुवात केली आणि आजार आटोक्यात आला.

मे महिन्यात शेतातल्या काळ्या पाईपाचा कॉक सोडला की पहिलं पाणी कसं कढत येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी आठवा. आपला जिल्हा ४५ च्या वर जातो, तेव्हा ऑस्ट्रेलिया लांब वाटत नाही.

याच काळातली आणखी एक घटना आहे, आणि माझ्या पोस्टचा खरा मुद्दा तिच्यापासून सुरू होतो. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात उस्ती नाद लाबेम नावाचं गाव आहे. तिथे १९६२ ते १९६५ या काळात १६ तरुण मुलंमुली मेंदूज्वराने गेली. कारण कळलं नाही. फाईल बंद. ऑस्ट्रेलियाची बातमी वाचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी शवविच्छेदनाच्या जपून ठेवलेल्या स्लाईड पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतल्या. त्यात अमीबा होते! सगळी मुलं एकाच बंदिस्त जलतरण तलावात पोहलेली. १९६८ मध्ये हे छापून आलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातही जुन्या स्लाईड तपासल्या, तर थेट १९३७ सालचा रुग्ण निघाला.

म्हणजे आजार नवा नव्हता. तिथे अमीबा आधीपासून होता, माणसं मरतही होती. फक्त कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

हे डोक्यात ठेवून आता भारतात या.

आपल्या देशात या विषयाचा पाया घालणारा माणूस म्हणजे बी. एन. सिंग. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नाही, असायला हवं होतं. १९४० च्या दशकात ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या अमीबांवर काम करत होते. अमीबा कोणते बॅक्टेरिया आवडीने खातो, कोणते टाळतो, हे त्यांनी बारकाईने तपासलं. त्यावरूनच मातीत अमीबा किती आहेत ते मोजायची पद्धत १९४६ मध्ये मांडली. पुढे लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हेच काम चालू ठेवलं. ही संस्था तेव्हा गोमतीकाठच्या छत्तर मंजिल या नवाबी महालात होती. नवाबांच्या महालात बसून माणसं गटारातले अमीबा बघत होती, कल्पना करा.

खरंच गटारातले. १९७२ मध्ये सिंग आणि त्यांचे सहकारी एस. आर. दास यांनी ‘करंट सायन्स’मध्ये छापलं की लखनौच्या सांडपाण्याच्या गाळात घातक नेग्लेरिया आणि अकँथामीबाच्या गटातल्या घातक जाती आहेत. त्याआधी १९७० मध्ये या जोडीने नेग्लेरियाच्या याच जातीला स्वतःचं वेगळं नाव दिलं होतं, ‘नेग्लेरिया एरोबिया’. कार्टर यांचं नाव टिकलं, यांचं मागे पडलं. पण कल्बर्टसन यांच्या अमीबाला दिलेलं ‘कल्बर्टसोनी’ हे नाव मात्र सिंग-दास यांचंच, ते आजही चालतं.

लखनौत गाळाचा अभ्यास चालू होता त्याच सुमारास, १९७१ मध्ये, कलकत्त्याच्या पॅन आणि घोष या डॉक्टरांनी दोन भारतीय मुलांना हा आजार झाल्याचं छापलं. भारतातल्या या आजाराची गोष्ट तिथून सुरू होते. म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. आणि आपल्याला वाटतं, हे काहीतरी कालचं, मोबाईलमधून आलेलं संकट आहे.

आता डोळ्याकडे वळू. मेंदूच्या आजाराची बातमी होते. डोळ्याच्या आजाराची होत नाही, पण आपल्या गावाच्या दृष्टीने तो जास्त जवळचा आहे.

अकँथामीबा डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर तिथे व्रण करतो. त्याला आपण फूल पडणं म्हणतो, तसला प्रकार. पाश्चात्य देशांत हा आजार कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा समजला जातो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली, लावून पोहायला गेले, की अमीबा डोळ्यात. भारतात चित्र वेगळं निघालं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातून १९९० मध्ये चार रुग्णांची माहिती छापून आली. मग २००० मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या सावित्री शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ रुग्णांचा अभ्यास मांडला, आणि हे सगळे लेन्स न वापरणारे. आपल्या देशात हा आजार येतो तो डोळ्यात काडीकचरा गेल्याने, धूळमाती उडाल्याने, गढूळ पाणी डोळ्यावर मारल्याने.

म्हणजे कोणाला? कापूस वेचणाऱ्या बाईला. केळीचे घड उतरवणाऱ्या मजुराला. मळणी करताना डोळ्यात कुसळ गेलं म्हणून पाटाच्या पाण्याने डोळा धुणाऱ्या शेतकऱ्याला.

प्रमाण कमी आहे. डोळ्याच्या अशा व्रणांत शंभरात एखाद-दुसरा रुग्ण अमीबाचा असतो. पण तो ओळखला गेला नाही तर डोळा जातो. दिसायला तो बुरशीच्या किंवा नागिणीच्या विषाणूच्या व्रणासारखा दिसतो. बऱ्याचदा दुखणं दिसणाऱ्या जखमेच्या मानाने खूपच जास्त असतं. आणि या अमीबाची एक खोड आहे. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती दुहेरी भिंत बांधून झोपून जातो. त्या अवस्थेत त्याला साधं क्लोरीन मारत नाही, कोरड मारत नाही, वर्षानुवर्षं तग धरतो. म्हणून औषध महिनोन्‌महिने घालावं लागतं. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली कमी होते, माणसाला बरं वाटतं आणि आतमध्ये वाट लागते.

तिसऱ्या बालामुथियाची ओळख तर अगदी अलीकडची. १९८६ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक मॅन्ड्रिल जातीची माकडीण मेली, तिच्या मेंदूत तो सापडला. १९९३ मध्ये त्याला नाव देणाऱ्यांत पहिलं नाव गोविंद विश्वेश्वर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचं आहे.

पुन्हा नेग्लेरियाकडे. २००२ मध्ये मंगळूरहून पाच महिन्यांच्या बाळाची नोंद आली. एवढ्याशा बाळाच्या पोहण्याचा प्रश्नच नव्हता. अंघोळीचं पाणी नाकात गेलं असावं, असा डॉक्टरांचा अंदाज. आपल्याकडे बाळाला पायावर घेऊन डोक्यावरून पाणी घालतात, म्हणून ही नोंद मला महत्त्वाची वाटते. पाकिस्तानात कराचीत २००८-०९ मध्ये १३ माणसं गेली, त्यात एक सोडून कुणीही पोहायला गेलेलं नव्हतं. नळाचं पाणी नाकात गेलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियानात दोघे जण गेले. त्यांनी नळाच्या न उकळलेल्या पाण्याने जलनेतीसारखं नाक धुतलं होतं.

२०१५ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’च्या मंडळींनी हरियाणातल्या रोहतक आणि झज्जर जिल्ह्यांतून पाण्याचे शंभरावर नमुने गोळा करून तपासले. त्यात अमीबा भरपूर निघाले, सर्वात मोठा वाटा अकँथामीबाचा.

आता मी सांगितलेली भारतातली गावं एका ओळीत मांडा. कलकत्ता, लखनौ, मदुराई, हैदराबाद, मंगळूर, रोहतक, झज्जर. यात काय साम्य आहे? हवामान? नाही. माती? नाही. पाणी? तेही नाही. साम्य एकच. या प्रत्येक ठिकाणी, किंवा त्याच्या हाकेच्या अंतरावर, एखादी संस्था, एखादं मेडिकल कॉलेज किंवा डोळ्यांचं मोठं रुग्णालय होतं, आणि तिथे कुणीतरी मुद्दाम अमीबा शोधत बसलं होतं. ज्याला आपण भारतातल्या अमीबाचा नकाशा म्हणतो, तो खरं तर मायक्रोस्कोपचा नकाशा आहे. या यादीत खान्देशातलं एकही गाव नाही. ती मोकळी जागा बघून ‘आपल्याकडे नाही’ असं समजणं म्हणजे टॉर्च न लावता अंधाऱ्या खोलीत साप नाही म्हणण्यासारखं आहे.

केरळने हेच दाखवून दिलं.

२०१६ मध्ये अलप्पुळा जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला. पुढची काही वर्षं अधूनमधून एखादा. मग २०२४ मध्ये सरकारी आकड्यांत ३६ रुग्ण आणि ९ मृत्यू आले. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू. कवटीचं चित्र असलेले फॉरवर्ड तिथूनच निघाले. केरळात अचानक काय झालं, पाणी विषारी झालं का, असं लोक विचारायला लागले.

उष्णता वाढलीय, पाणी साचतंय, तीही कारणं असतील. पण एक मोठं कारण असं की त्यांनी बघायला सुरुवात केली. निपाहच्या धक्क्यानंतर तिथे मेंदूज्वराच्या रुग्णाचं कारण शोधायचंच, असा आग्रह धरला गेला. जुलै २०२४ मध्ये त्यांनी या आजारासाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पाठीतून काढलेलं पाणी ताजं असतानाच मायक्रोस्कोपखाली घ्यायचं आणि हलणारा अमीबा शोधायचा. आता आकड्यांची दुसरी बाजू बघा. जगभरात नेग्लेरियाच्या शंभर रुग्णांतले ९७ जण जातात असं सांगतात. अमेरिकेत १९६२ पासून १६० च्या वर रुग्ण झाले, त्यांतले वाचलेले हाताच्या बोटावर मोजता येतात. केरळात २०२४ मध्ये चारातले तीन वाचले. तिथल्या रुग्णांत सगळेच नेग्लेरियाचे नव्हते, इतर अमीबाही होते, म्हणून सरळ तुलना करता येत नाही. तरी लवकर ओळखण्याचा फायदा झाकत नाही. ज्या राज्यात आकडा मोठा दिसतो, तिथे माणसं जास्त वाचली.

कोळिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा एक मुलगा जुलै २०२४ मध्ये वाचला. वर्तमानपत्रांत आलं होतं की त्याच्या वडिलांनी या आजाराबद्दल सोशल मीडियावर वाचलेलं होतं. पोराला ताप, डोकेदुखी, झटके आल्यावर त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगितलं की हा तळ्यात पोहायला गेला होता. डॉक्टरांना दिशा मिळाली, औषधं वेळेत सुरू झाली. एका बापाने वाचलेली माहिती पोराच्या कामी आली. ही पोस्ट लिहायला मला त्या बापानेच बसवलं.

त्या उपचारांतलं मिल्टेफोसिन हे औषध आपल्याला अगदी परकं नाही. मूळचं ते कॅन्सरसाठी काढलेलं. काळा आजारावर ते चालतं हे बिहारमधल्या रुग्णांवर सिद्ध झालं आणि २००२ मध्ये भारतात त्याला मान्यता मिळाली. ज्यांच्यावर ते तपासलं गेलं ती बिहारची गरीब खेडूत माणसं होती. आज तेच औषध केरळच्या पोरांना देतायत.

आता आपल्या गावाचं बोलू.

आपल्या नगरपरिषदेला, आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना, माझं एवढंच म्हणणं आहे. पाण्यात टीसीएल पावडर टाकतो असं सगळेच म्हणतात. प्रश्न आहे तो शेवटच्या गल्लीतल्या नळाला क्लोरीन पोचतं का याचा. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असायला हवं. नेग्लेरियाचा बंदोबस्त करणारे देश ०.५ धरून चालतात. उन्हाळ्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून ओटी टेस्ट टाकीपाशी न करता शेवटच्या नळाला करा, आणि तो आकडा रोज फळ्यावर लिहा. टाकीचा तळ घासून गाळ काढला ती तारीख टाकीवर रंगवा. अमीबा राहतो तो गाळात आणि भिंतीच्या बुळबुळीत थरात. यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. जलसुरक्षकाला वेळेवर पगार आणि पावडर मिळाली तरी पुष्कळ झालं.

आपल्या मेडिकल कॉलेजला आणि विद्यापीठाला विनंती. बी. एन. सिंग यांच्या काळापासून चालत आलेली पद्धत फार महाग नाही. अगारची बशी, त्यावर बॅक्टेरियाचा थर, त्यावर पाण्याचा नमुना. अमीबा बॅक्टेरिया खात पुढे सरकतात, वाट सोडतात. एम.एस्सी.च्या पोरांच्या एका प्रकल्पात वाघूर, तापी, मळ्यातल्या विहिरी, शेततळी, गच्चीवरच्या टाक्या तपासून होतील. नकाशातली मोकळी जागा आपल्याच पोरांनी भरावी.

आणि आता त्या माऊलीचं उत्तर.

पोरांना पोहू दे, बाई. हा आजार फारच दुर्मिळ आहे. आपल्या देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. विहिरीची पहिली भीती तीच. त्यामुळे सोबत पोहणारा मोठा माणूस, कमरेला डबा किंवा ट्यूब, हे आधी.

मग एवढं पाळ. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेली, कोमट, हिरवट, गाळ ढवळलेली विहीर टाळायची. उपसा चालू असलेली, ताजं पाणी येणारी बरी. कठड्यावरून सूर मारताना, मुटका मारताना नाक चिमटीत धरायचं. तळाचा गाळ काढून एकमेकांवर उडवायचा खेळ बंद. हे पाणी प्यायल्याने हा अमीबा मेंदूत जात नाही, तो नाकातूनच वर चढतो. माणसाकडून माणसाला तो लागतही नाही, म्हणून कुणी आजारी पडलं तर त्याच्या घरावर बहिष्कार टाकायचा मूर्खपणा करू नये.

जलनेती करत असाल, किंवा वजू करताना पाणी नाकात खोल ओढत असाल, तर पाणी उकळून गार केलेलं वापरा. बाळाच्या नाकात अंघोळीचं पाणी जाऊ देऊ नका.

पोहून आल्यावर पुढच्या दहा-बारा दिवसांत जोराचा ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, बडबड किंवा झटके असं काही झालं, तर घरी वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं, “पोरगं अमुक दिवशी विहिरीत पोहलं होतं.” हे एक वाक्य पाठ करून ठेवा. कदाचित ते शंभरदा वाया जाईल. जाऊ द्या.

आणि शेतात डोळ्यात काही गेलं तर पाटाच्या नाही, स्वच्छ पाण्याने धुवा. दोन दिवसांत दुखणं उतरलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, माती गेली होती ते सांगा, आणि मनाने थेंब घालू नका.

शाळेत मी पोरांना म्हणायचो, अमीबा गरीब प्राणी आहे. ते वाक्य मी मागे घेत नाही. त्याला आपल्याशी काही घेणंदेणं नाही, तो त्याचा चिखलात बॅक्टेरिया खात बसलेला असतो. त्याच्याकडे बघायचं काम आपलं आहे.

माझं कुठे चुकलं असेल तर आपल्या गावातल्या डॉक्टर मंडळींनी खाली दुरुस्त करावं, मी पोस्टमध्ये बदल करेन. आणि कवटीच्या चित्राचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी, पोहायला जाणाऱ्या एखाद्या पोराच्या आईला हे वाचून दाखवा.